मदत हवी आहे: मान वळवली की हेड ट्रॅकर गोठतो

मंडळी, फ्लाइट सिम्युलेटरसाठी आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि एमपीयू-६०५० (हालचाल मोजणारा सेन्सर) वापरून घरीच हेड ट्रॅकर, म्हणजे डोकं वळेल तसं कॉकपिटचं दृश्य वळवणारं यंत्र, केलाय. नॅनो टेबलावर, सेन्सर हेडफोनवर, मध्ये मीटरभर वायर (नॅनोच्या ए४ पिनला एसडीए म्हणजे डेटाची वायर, ए५ला एससीएल म्हणजे क्लॉकची). स्थिर बसलं की सिरियल मॉनिटरवर (बोर्डाकडून येणारा डेटा दाखवणारी पीसीवरची खिडकी) आकडे धो धो येतात. मॉनिटर बंद करून ओपनट्रॅक (डोक्याची हालचाल सिम्युलेटरला पोचवणारं सॉफ्टवेअर) लावला, मान झटकन वळवली, की कॉकपिट तिथेच थिजतं. पीसीवर नॅनोचा कॉम पोर्ट (यूएसबी जोडणी) मात्र जागेवर असतो. नॅनोचं रिसेट दाबलं की पुन्हा सुरू! त्यामुळे यूएसबीवर माझा संशय नाही, त्या लांब वायरींवरच आहे. आयटूसीचा (त्या दोन वायरींवरून सेन्सर आणि नॅनो बोलतात ती पद्धत) वेग ४०० वरून १०० किलोहर्ट्झवर आणून भागेल, की जास्तीचे पुल-अप रेझिस्टर (वायरींना ‘हाय’ व्होल्टेजकडे ओढून धरणारे) लावू? नॅनोच डोक्यावर चढवायला लागला तर हेडफोन जड होईल, म्हणून टाळतोय. कुणी असं केलंय का?