भरतीच्या मुलांचं पोट सारखं बिघडतंय. दही, ताक, आंबील नेमकं कसं आणि कधी द्यायचं?

मेसवाली ताई, धुळे
पोलीस भरतीच्या ३० मुलांची मेस आहे. पहाटे १६०० मीटरचा सराव, मग दिवसभर अभ्यासिका, झोप जेमतेम पाच तास. ऊन तापायला लागल्यापासून निम्म्यांना धावताना मुरडा येतो, सराव पेपरच्या दिवशी जुलाब. दही, ज्वारीची आंबील, बिबड्या (आंबवलेल्या ज्वारीचे पापड), कैरीचं लोणचं रोज असतं. आंबवलेलं पोटाला चांगलं म्हणतात, मग चुकतंय कुठे?

अन्नतंत्र, जळगाव
ताई, या चारांत जिवंत जिवाणू भरवशाने पोटात नेणारं एकच, दही. बिबड्यांची ज्वारी भिजून आंबते खरी, पण तिचा घाटा (घट्ट लापशी) शिजला की जिवाणू मेले. उकळलेल्या आंबिलीचं आणि कढीचंही तेच. लोणच्यात मीठ-तेल एवढं असतं की हे जिवाणू फारसे वाढतच नाहीत. आंबील बंद करू नका, पचायला हलकी आहे. फक्त शिजवून पार कोमट झाली की मग ताक घाला.

३० जणांना २ लिटर दुधाचं दही पुरे. दूध उकळून इतकं निववा की मनगटावर थेंब टाकला तर ऊब लागावी, चटका नाही (४० ते ४२ अंश). गरम दुधात विरजण घातलं तर ते मरतं आणि दूध तसंच राहून नासतं. आपल्याकडच्या मे महिन्यात २ लिटरला एक चहाचा चमचा विरजण खूप झालं. जास्त घातलं की दही आंबट होऊन पाणी सोडतं. चार-पाच तासांत लागतं, लागल्याबरोबर फ्रिजमध्ये. रात्री विरजून सकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नका. तार सुटायला लागली की विरजण बदला. गुलाबी डाग दिसला तर सगळं टाकून द्या.

ताकाला सहा लिटर पाणी, चार सपाट चमचे मीठ, जिरेपूड. पाणी उकळून माठात गार केलेलंच हवं. बाजारचा बर्फ मुळीच नको. तुमच्या जुलाबांत पहिला संशय मला त्याचाच येतो.

मैदानी प्रशिक्षक, नंदुरबार
वेळही बघा. जोरात धावताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं. उन्हात हे आणखी वाढतं, आतड्याचं अस्तर सैल पडतं, म्हणून मुरडा. धावण्याआधी दोन तासांत दही-ताक नको, पिकलेलं केळ अर्धं चालेल. ताक धावून आल्यावर अर्ध्या तासात, शिवाय दुपारी भाकरीसोबत. आदल्या रात्री ठेचा आणि शेवभाजीचा तर्री रस्सा बंद.

पेपरच्या दिवशीचे जुलाब बरेचदा धास्तीचे असतात. मेंदूचा इशारा मज्जातंतूंवाटे थेट आतड्याला पोचतो. त्यासाठी दह्याइतकीच झोपही गरजेची, सात तास. दही तीन-चार आठवडे रोज खाल्लं तरच फरक कळतो. परीक्षेच्या आठवड्यात नवं काहीच सुरू करू नका.

मेसवाली ताई, धुळे
दोघांचे आभार. काही मुलं प्रोबायोटिक (जिवंत जिवाणूंची) कॅप्सूल आणतात, ती चालेल का?

अन्नतंत्र, जळगाव
गुण जिवाणूच्या वाणागणिक (उपप्रकारागणिक) बदलतो. १९१७ साली आल्फ्रेड निस्ल यांनी आजूबाजूचे जुलाबाने आजारी असताना धडधाकट राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा एक वाण वेगळा केला. तो आजही औषध म्हणून वापरतात, पण म्हणून दुसरा कुठलाही ई. कोलाय चालत नाही. पाकिटावर वाणाचं पूर्ण नाव नसेल तर पैसे घालवू नका, आणि दम वाढेल या आशेने तर घेऊच नका. अँटिबायोटिक चालू असेल तर दह्यात आणि गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. आतड्यातल्या जिवाणूंना खायलाही लागतं. भाकरी, डाळ, कांदा, किंचित हिरवट केळी चांगली, आणि जळगावात केळ्यांना काय तोटा! जुलाब लागले की आधी ओआरएस. शौचात रक्त, ताप, किंवा दोन दिवस जुलाब न थांबणं, यातलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टर.