आई हीच हिरॉईन असलेले सस्पेन्स थ्रिलर सुचवा (रडूबाई आई नको)

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात, तोवर वाचन बंद. म्हणून ऑफिसमधून लालबागला आले की रोज रात्री मी तिला मोठ्याने वाचून दाखवते, कंटाळा आला तर स्टोरीटेलवर ऑडिओबुक लावून देते. बाईंना फक्त सस्पेन्स लागतं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा तिने लहानपणीच वाचून संपवल्यात, पण तिथे सगळे झुंजार नि काळापहाड असे पुरुष हिरो. आता फर्माईश अशी की पोरांसाठी भिडणारी आई पाहिजे, "पदर तोंडाला लावून इन्स्पेक्टरची वाट बघणारी नको".

मला वाटलं सोपंय. पण आपल्याकडे आईचं थ्रिलर म्हणजे बहुतेक सूडच. २०१७ मध्ये रवीनाचा मातृ आणि श्रीदेवीचा मॉम हे पिक्चर तीनेक महिन्यांच्या अंतराने आले, दोन्हीकडे आधी मुलीवर अत्याचार आणि मग आई पेटते. श्रीदेवी भारीच (आणि ती सावत्र आई आहे हे मला जास्त आवडलेलं), पण ते रात्री झोपताना नको वाटतं. घडून गेल्यावर सूड घेणारी नाही, घडूच न देणारी आई हवीये.

मग हिगाशिनो या जपानी लेखकाची द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स ही कादंबरी घेतली, करीनाचा जाने जान ज्यावर आहे ती, जमेल तसं मराठीत सांगत सांगत. अर्ध्यात आई म्हणाली, "अगं सगळं डोकं शेजारचा मास्तरच चालवतोय, ही नुसती त्याच्या फोनची वाट बघतेय." बोला आता!

शेवटी पॅनिक रूम या इंग्रजी पिक्चरची (२००२, जोडी फॉस्टर) गोष्ट तोंडी सांगितली. चोर घरात, मायलेकी पोलादी खोलीत एकदम सेफ, पण मुलीची शुगर उतरायला लागते आणि इंजेक्शन बाहेर बेडरूममध्ये. आई उठूनच बसली, "ही तर हिरकणीच की गं", आणि डोळ्यात थेंब घालायचे राहिले ते राहिलेच.

तर असं काहीतरी सांगा. कादंबरीच हवी, मराठी असेल तर सोन्याहून पिवळं, अनुवाद चालेल, ऑडिओ असेल तर माझा घसा वाचेल. शनिवारी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाणारे, त्याआधी नावं मिळाली तर बरं. शेवट फोडू नका, फक्त पोर वाचतं का तेवढं सांगा, नाहीतर मातोश्री मला रात्रभर झोपू देणार नाहीत.