वटवाघळांच्या झाडाची छाटणी मे महिन्यात करावी का?

रोहिणी (नौपाडा)
ठाणे-नवी मुंबईत सोसायट्या एप्रिल-मेमध्ये झाडं छाटतात. नेमका तोच काळ फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या पिल्लांचा. मादीला वर्षाला एकच पिल्लू, बहुधा फेब्रुवारी ते मे दरम्यान. सुरुवातीला आई त्याला पोटाशी घेऊनच उडते, जड झालं की फांदीला लटकवून चरायला जाते. करवत लागली की मोठी उडून जातात आणि पिल्लं खाली पडतात. वटवाघळांची वसाहत असलेलं झाड नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच छाटावं.

अविनाश (वाशी)
पर्जन्यवृक्ष नोव्हेंबरात छाटला की जूनपर्यंत कापल्या जागी झाडूसारखे कोंब फुटतात. त्यांची पकड सालीपुरतीच, वादळात तेच आधी निखळतात. फांदी पडून कुणी दगावलं तर सेक्रेटरीने काय सांगायचं, वर पिल्लं होती? वटवाघूळ कायद्याने उपद्रवी प्राणी आहे. वटवाघळांकडून येणाऱ्या निपाह विषाणूचं तर बोलायलाच नको.

रोहिणी
उपद्रवी होतं. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, आता मोठं वटवाघूळ वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. निपाह पसरतो तो मुख्यतः उष्टी फळं, कच्चा खजुरी रस आणि रुग्णाच्या संपर्कातून. झाडाखालून गेल्याने नव्हे. विष्ठा मात्र कोरडी झाडू नका, आधी पाणी मारा, मास्क लावा.

आणि कोंब फुटतात ते शेंडे उडवल्यामुळे, महिन्यामुळे नाही. जड फांदीला तीन काप लागतात. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश, त्याच्या थोडं पुढे वरून आरपार, मग उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता. खालचा काप टाळला की फांदी साल सोलत खाली येते आणि तिथूनच कूज शिरते. एका वेळी पाव भागाहून जास्त पालवी काढायची नाही. आपल्याकडे मुंडण करतात आणि त्याला छाटणी म्हणतात!

शैलेश (कोपरी)
मग मेमध्येच रात्री छाटा की. मोठी चरायला गेलेली असतात.

रोहिणी
तेव्हाच तर पिल्लं एकटी लटकलेली असतात. शिवाय अंधारात माणूस दोरावर चढवणं वेगळाच धोका.

अविनाश
तडकलेली फांदी नोव्हेंबरपर्यंत थांबते का?

रोहिणी
नाही, ती लगेच काढा. पण तेवढीच, आणि दुर्बिणीने पिल्लं बघून. खाली पडलेल्या पिल्लाला उघडा हात लावू नका. जाड कापडात धरून हवेशीर खोक्यात ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. चावलंच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवून थेट दवाखाना, रेबीजची लस लागते.

अविनाश
पटतंय थोडं. पण कंत्राटदार मिळतो मेमध्येच, सगळं टेंडरच पावसाळापूर्व कामांचं असतं.

शैलेश
सोसायटीच्या आवारातलं झाड असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे छाटणीच्या परवानगीसाठी ऑगस्टमध्येच अर्ज टाका. अर्जात फांद्यांवर खुणा केलेले फोटो आणि वसाहतीची नोंद जोडा. रस्त्यावरच्या झाडांचं मात्र अविनाश म्हणतात तसंच आहे.