रेडमध्ये जमिनीवरची वर्तुळे स्पष्ट दिसण्यासाठी ग्राफिक्स कसे ठेवावे?

शाहूपुरीची_हीलर

नमस्कार मंडळी. मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात रिस्टोरेशन शामान, म्हणजे सोबत्यांना बरे करणारे पात्र (हीलर), खेळते आणि आमचा वीस जणांचा गट सध्या मिथिक, म्हणजे सर्वांत कठीण पातळीची, रेड (बॉस या मोठ्या शत्रूंशी एकत्र लढाई) करतो आहे. लढाई शेवटच्या टप्प्यात आली, की माझे स्वतःचे हीलिंग रेन, पॅलाडिनचे कॉन्सक्रेशन आणि डेथ नाइटचे डेथ अँड डिके हे जादूचे जमिनीवरचे परिणाम एकमेकांवर असे पसरतात, की बॉसच्या हल्ल्याचे धोक्याचे वर्तुळ नेमके कुठे संपते हे मला कळतच नाही. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल उधळल्यावर समोरची सासनकाठी जेवढी दिसावी, तेवढाच मला बॉस दिसतो. मी ग्राफिक्सचा मुख्य स्लायडर बराच खाली आणला, त्यामुळे बाहेरचे जग ओबडधोबड झाले. रेडमध्ये मात्र काहीच फरक पडला नाही. लॅपटॉपचा पडदा १९२०×१०८० आहे. राजारामपुरीतल्या एका दुकानदाराने मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला नवा लॅपटॉप घेण्याचा सल्ला दिला आहे, परंतु एवढा खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

रंकाळा_रेडर

ताई, नव्या लॅपटॉपचा विचार तूर्त बाजूला ठेवा. ग्राफिक्सच्या पानावर सेटिंगचे दोन संच असतात: एक नेहमीच्या खेळासाठी आणि दुसरा रेड व बॅटलग्राउंडसाठी (खेळाडूंच्या आपसातल्या लढायांसाठी). दुसरा संच चालू असेल, तर रेडमध्ये शिरताच खेळ आपोआप त्याच्यावर जातो. आपण पहिल्या संचात बदल करत राहिलात, म्हणून बाहेरचे जग बिघडले आणि रेड होती तशीच राहिली, असे दिसते. पुढचे सर्व बदल दुसऱ्या संचात करावेत.

सर्वप्रथम प्रोजेक्टेड टेक्स्चर्स चालू आहे ना, हे पाहा. बॉसची जमिनीवरची बरीचशी वर्तुळे याच सेटिंगमुळे दिसतात, आणि एकूण दर्जा खाली नेताना ती बंद झालेली असू शकते. त्यानंतर स्पेल डेन्सिटी कमी करा. सोबत्यांच्या ज्या जादूची दृश्ये लढाईच्या दृष्टीने अनावश्यक असतात, ती या सेटिंगमुळे गाळली जातात. आपली मुख्य अडचण तीच असल्यामुळे सर्वाधिक फरक इथेच पडेल. पार्टिकल डेन्सिटी मात्र अगदी तळाला नेऊ नये, कारण काही बॉसचे हल्ले त्या कणांनीच रंगवलेले असतात आणि कण गेले की हल्लाही दिसेनासा होतो.

एसएसएओ (कोपऱ्यांतल्या सावल्यांचा परिणाम), डेप्थ इफेक्ट्स, ग्राउंड क्लटर आणि पाण्याचा तपशील हे सर्व खुशाल कमी करा. एसएसएओमुळे कोपरे आणि कडा उगाच काळवंडतात, आणि क्लटरच्या गवताखाली वर्तुळाची कड झाकली जाते. सावल्याही किमान ठेवल्या तरी रेडमध्ये काही बिघडत नाही. रेंडर स्केल मात्र शक्यतो १०० टक्क्यांवरच असू द्यावे. ते ७५ केले, तर १९२०×१०८० ऐवजी १४४०×८१० एवढेच चित्र तयार होते, म्हणजे पिक्सेल जवळपास निम्म्यावर येतात, आणि आपल्याला जी कड शोधायची आहे नेमकी तीच पुसट होते.

पंचगंगा_घाट

एवढा खटाटोप कशासाठी? सगळे किमान ठेवावे, फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) वाढतात आणि काम भागते. मी अनेक वर्षे तसेच खेळतो.

रंकाळा_रेडर

भावा, आपण टँक, म्हणजे बॉसचा मार अंगावर घेणारे, आहात. बॉस कायम आपल्या तोंडासमोर असतो. हीलरची नजर अर्धा वेळ गटाचा जीव दाखवणाऱ्या पट्ट्यांवर असते, आणि तिथून खाली पाहताच क्षणात जमीन वाचता आली पाहिजे. सरसकट किमान केल्याने नको ते जाते आणि हवे तेही जाते.

टाकाळा_रात्रपाळी

मी मुख्यतः फायनल फँटसी फोर्टीन हा दुसरा ऑनलाइन खेळ खेळतो. तिथे ही सोय अधिक नेमकी आहे, कारण बॅटल इफेक्ट्समध्ये स्वतःचे, आपल्या पार्टीचे आणि इतरांचे परिणाम वेगवेगळे ठरवता येतात. चोवीस जणांच्या अलायन्स रेडमध्ये मी स्वतःचे पूर्ण, पार्टीचे मर्यादित आणि उरलेल्या दोन पार्ट्यांचे शून्य ठेवतो. वॉरक्राफ्टमध्ये अशी माणसागणिक विभागणी नाही, त्यामुळे स्पेल डेन्सिटीवरच भागवावे लागते.

आणखी एक विचारतो: ताई, आपल्याला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट जाणवतो ना? मला कमी जाणवतो. वॉरक्राफ्टच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात रंगांधांसाठी तीन फिल्टर आहेत आणि त्यांची तीव्रताही बदलता येते. दृष्टी ठीक असली, तरी एकदा लावून पाहण्यास हरकत नाही.

शाहूपुरीची_हीलर

आपणा सर्वांची आभारी आहे. रेडचा संच खरोखरच वेगळा निघाला आणि त्यातले प्रोजेक्टेड टेक्स्चर्स बंद होते. आता वर्तुळे दिसतात. मात्र सगळे जण एकाच वेळी मोठे कूलडाउन (अधूनमधूनच वापरता येणारी जोरदार जादू) वापरतात, तेव्हा फ्रेम अजूनही कोसळतात. मग ग्राफिक्स कार्डचा सल्ला बरोबर होता का?

कळंबा_बेंचमार्क

अंदाज बांधण्यापेक्षा मोजून पाहा. कंट्रोल आणि आर एकत्र दाबले, की फ्रेमचा आकडा पडद्यावर येतो. एखाद्या सोप्या रेडमध्ये, जिथे चुकले तरी कोणी रागावणार नाही, रेंडर स्केल तात्पुरते ५० करा आणि गर्दीच्या क्षणी आकडा पाहा. तो चांगलाच वाढला, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडते आहे. तिथेच अडून राहिला, तर अडचण प्रोसेसरची आहे, आणि मोठ्या कार्डाने ती सुटणार नाही. वीस जणांच्या लढाईत बहुधा प्रोसेसरच दमतो, कारण प्रत्येक वार, प्रत्येक हील आणि प्रत्येक ॲडऑनची (खेळाला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची) आकडेमोड त्याच्याच डोक्यावर असते. म्हणून आकडेवारीची, पट्ट्यांची आणि इशाऱ्यांची जी ॲडऑन प्रत्यक्षात पाहिली जात नाहीत, ती बंद करावीत. मित्रांच्या डोक्यावरच्या नेमप्लेटही (नावाच्या पाट्या) शिफ्ट आणि व्ही दाबून घालवाव्यात. त्याने पडदा मोकळा होतो, हा वेगळा लाभ.

फ्रेमची कमाल मर्यादा ६० वर बांधावी, असे मी सुचवेन. साठ फ्रेमला प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी येते, तीसला ३३.३ मिलिसेकंदांनी, आणि मध्येच नव्वदवर जाऊन पुन्हा तीसवर आपटणारा आकडा डोळ्यांना सलग पंचेचाळीसपेक्षा जास्त त्रास देतो. आपल्याकडे मे महिन्यात लॅपटॉप तापला, की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो, त्यामुळे मर्यादा बांधल्याने उष्णताही कमी होते. चार्जर लावलेला असावा, हे सांगायला नकोच. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला, की बहुतेक मशिनांचा वेग तिथेच घसरतो.

टाकाळा_रात्रपाळी

ताई युरोपच्या सर्व्हरवर खेळत असाव्यात, असे गृहीत धरतो. तिथली रात्री आठची रेड आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला सुरू होते. घरातले झोपलेले, दिवे मालवलेले, आणि पडदा मात्र दुपारच्याच ब्राइटनेसवर, अशा वेळी उजळ स्पेलनी डोळे दिपतात आणि गडद जमिनीवरची वर्तुळे हरवतात. पडद्यामागे एक मंद दिवा ठेवावा आणि ब्राइटनेस कमी करावा. त्याला कोणतेही कार्ड लागत नाही.

वर्तुळाबाहेर पाऊल टाकूनही मार बसत असेल, तर तो लेटन्सीचा, म्हणजे सर्व्हरशी संदेश जाण्या-येण्याला लागणाऱ्या वेळेचा, प्रश्न असू शकतो. मेनूच्या बटणावर माउस नेल्यास ‘वर्ल्ड’ या नावाने लेटन्सीचा आकडा दिसतो. तो मोठा असेल तर ग्राफिक्सला हात लावू नये, थोडे आधी हलावे.