बायोस अपडेटनंतर लॅपटॉप चालूच होत नाहीये, विंडोज परत टाकू का?

रातकिडा
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. विंडोज अपडेटमधूनच बायोसचं अपडेट आलं, ते चालू असताना मध्येच स्क्रीन काळी झाली आणि तेव्हापासून लॅपटॉप डब्बा झालाय. पॉवर बटण दाबलं की लाइट लागतो, पंखा जरासा फिरतो, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो, बास. कंपनीचा लोगोपण येत नाही. मित्र म्हणाला पेनड्राइव्हवर विंडोज घे आणि नव्याने टाक, म्हणून पेनड्राइव्ह तयार केला पण त्यावरून बूटच होत नाहीये. रिपेअरवाला सरळ मदरबोर्ड बदला म्हणतोय. एसएसडीवर कामाच्या फाइली आहेत आणि बॅकअप बराच जुना आहे. काय करू?

उगाचच
मदरबोर्ड बदला हे त्यांचं पेटंट उत्तर आहे 😄

जुनाखिळा
विंडोज टाकायचा विषय आत्ता डोक्यातून काढा. लोगोच येत नाही म्हणजे गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही. फर्मवेअर, म्हणजे हेच बायोस, लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये असतं, विंडोज आणि तुमच्या फाइली एसएसडीवर. आणि पेनड्राइव्हवरून बूट करायचं कामही फर्मवेअरच करतं, तेच अर्धवट लिहिलं गेलंय तर पेनड्राइव्ह बघणार कोण? त्यामुळे फाइली बहुतेक सुखरूप आहेत.

आधी चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा आणि हात न लावता थांबा. बऱ्याच मॉडेलमध्ये फर्मवेअरची राखीव कॉपी असते, ती आपोआप परत लिहिली जाते, पण तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते आणि लोक कंटाळून बटण दाबतात. दिवा किती वेळा लुकलुकून थांबतो तेही मोजून ठेवा, तो एरर कोड असतो, मॅन्युअलमध्ये अर्थ मिळेल.

तरी नाही झालं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलची बायोस फाइल घ्या, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. फाइलचं नाव आणि फोल्डर कंपनी सांगते तस्संच पाहिजे, एक अक्षर इकडे तिकडे झालं तरी ती सापडत नाही. ही फाइल उचलायला लावणाऱ्या कीबोर्डवरच्या कीज प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये विंडोज आणि बी धरून पॉवर बटण, डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावायचा. तुमचं मॉडेल लिहिलं नाहीये म्हणून सपोर्ट पेज बघा. चार्जर लावलेलाच ठेवा हे सांगायला नको.

सोल्डरबाबा
वरचं सगळं बरोबर. त्याने नाहीच जमलं तरी मदरबोर्ड फेकू नका, चिप प्रोग्रामर नावाच्या यंत्राने थेट लिहिता येते. आठ पायांची चिप असते, क्लिप लावून होतं. फक्त ज्याच्याकडे द्याल त्याला दोन गोष्टी विचारा. एक, चिप ३.३ व्होल्टची आहे का १.८ ची, कारण १.८ वाल्या चिपला ३.३ दिले तर ती जळू शकते. दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची, लिहायच्या आधी जुन्या चिपचा डंप, म्हणजे आतल्या सगळ्या डेटाची कॉपी, काढून ठेवणार का. त्यात तुमचा सिरियल नंबर असतो, लॅपटॉपसोबत विंडोज आलं असेल तर बहुतेक त्याची कीपण तिथेच असते. कुणीतरी नेटवरून दुसऱ्याच लॅपटॉपचा डंप उचलून टाकतो, लॅपटॉप चालू होतो, सगळे खूश, आणि मग ॲक्टिव्हेशनची बोंब.

रातकिडा
जुनाखिळा, खूप खूप आभार!! आपोआप काही झालं नाही पण पेनड्राइव्हवाल्या पद्धतीने रिकव्हरी स्क्रीन आली, बार पूर्ण झाला, लोगोपण आला. पुढे निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ आकडी की मागितली, मी तर बिटलॉकर कधी चालूच केलं नव्हतं, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती की मिळाली. ती टाकली तर आता ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतंय आणि रीस्टार्ट होत बसतोय. आता तरी विंडोज टाकू का 😭

जुनाखिळा
नाही हो, थांबा! फर्मवेअर नव्याने लिहिलं की सेटिंग डिफॉल्टला जातात. बायोसमध्ये जाऊन स्टोरेजचा मोड बघा, इंटेलवाला असेल तर व्हीएमडी किंवा रेड असं काहीतरी दिसेल, ही डिस्क हाताळायच्या पद्धतींची नावं आहेत. विंडोज टाकताना जो मोड होता तो आता बदललाय म्हणून त्याला डिस्क सापडत नाहीये. चालू असेल तर बंद करून बघा, बंद असेल तर चालू. बिटलॉकरची की परत मागेल, कारण टीपीएमला (ती की सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपला) बदल दिसला की ते कुलूप उघडत नाही, घाबरू नका. सध्या नवीन विंडोज टाकलंत तर आहे तो डेटा हकनाक जाईल.

उगाचच
लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून फाइली काढता येतील ना?

सोल्डरबाबा
येतील, पण बिटलॉकर आहे म्हटल्यावर तिथेही तीच ४८ आकडी की लागणार. ती कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपवर नको.

रातकिडा
व्हीएमडी बंद होतं, चालू केलं, की परत टाकली आणि लॉगिन स्क्रीन आली!!! सगळं जागेवर आहे. बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावलीये. फक्त ब्राउझरमध्ये कुठलीच साइट उघडत नाहीये, सर्टिफिकेटची एरर देतोय.

जुनाखिळा
लॅपटॉपची तारीख बघा, मागे गेली असणार, म्हणून साइटची सर्टिफिकेटं त्याला चुकीची वाटतायत.