डेस्कटॉपचं वाय-फाय कार्ड बदलायचं की सरळ वायर ओढायची?

वायरप्रेमी
नाशकात गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या, पाथर्डी फाटा घ्या. घरात फायबर ३०० एमबीपीएसचं आणि डेस्कटॉपवर येतात चाळीस. मग कोणीतरी सांगतं, "कार्ड जुनं झालंय, वाय-फाय ६ चं टाका." माझं मत असं की बहुतेक घरांत हा पैसा चुकीच्या जागी जातो. डेस्कटॉप जागचा हलत नाही, आणि जे हलत नाही त्याला वायर द्यावी. कॅट ६ ची १५ मीटर वायर, टोकांना दोन आरजे ४५ प्लग, कडेने केसिंग पट्टी, झालं काम. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या पोर्टवर ९४० च्या आसपास वेग येतो, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) हलत नाही, शेजाऱ्याचा राउटर आडवा येत नाही.

घेताना वायर शुद्ध तांब्याची आहे ना, एवढं बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली, म्हणजे सीसीए, स्वस्त पडते, पण कोपऱ्यात वाकवली की आतली तार तुटते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक जोडी गेली की लिंक गुपचूप १०० वर येते आणि माणूस शिव्या घालतो फायबरवाल्याला.

सातपूरकर
भाऊ, वायर सरस हे कोण नाकारतंय? पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये फायबर आत येतं हॉलच्या दाराशी, संगणक असतो मागच्या बेडरूममध्ये, मध्ये दोन चौकटी, आणि घरमालक ड्रिलचं नाव काढू देत नाही. तिथे तुमची १५ मीटर वायर बिनकामाची.

हे चाळीस कुठून येतात तेही बघा. जुनं एका अँटेनाचं एन (वाय-फाय ४) कार्ड २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर राउटरशी ७२ एमबीपीएसची लिंक करतं. निम्मा वेळ पोच देण्याघेण्यात आणि वाट बघण्यात जातो, हाती उरतात ३५ ते ४५. खोक्यावर १५० छापलेलं असतं ते ४० मेगाहर्ट्झ मिळाले तर. ही कार्डं ज्यावर चालतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. एका बिल्डिंगमध्ये पंचवीस राउटर असले तर ४० मेगाहर्ट्झ आणणार कुठून? उलट दोन अँटेनांचं वाय-फाय ५ (एसी) कार्ड ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ८० मेगाहर्ट्झवर ८६६ ची लिंक करतं, प्रत्यक्षात ५०० च्या आसपास देतं. म्हणजे २०१३ सालच्या तंत्रावरही ३०० चा प्लॅन पुरा निघतो. कार्ड बदला, फक्त सगळ्यात नवीन घ्यायचा हट्ट नको.

आपलं कार्ड कुठल्या जातीचं आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये 'netsh wlan show drivers' दिलं की कळतं. रेडिओ टाइपच्या यादीत नुसते बी, जी, एन असतील आणि ए किंवा एसी नसेल, तर ते कार्ड ५ गिगाहर्ट्झ ऐकूच शकत नाही. अशा कार्डावर सेटिंग्जशी झटापट करण्यात अर्थ नाही.

भद्रकालीकर
हे सगळं आरसीसी फ्लॅटचं झालं. जुन्या नाशकातल्या वाड्याची भिंत हातभर जाड, त्यात दगड, विटा, माती. ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीत अर्धमेलं होतं, दुसरीत संपतं. तिथे नवं कार्ड घालूनही संगणक मुकाट्याने २.४ वर येऊन बसतो. 'netsh wlan show interfaces' देऊन चॅनल बघा: १ ते १३ असेल तर २.४, ३६ च्या पुढे असेल तर ५. खालीच सिग्नल टक्क्यांत दिसतो. ६६ टक्के म्हणजे साधारण उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप), तिथपर्यंत ठीक चालतं. ५० टक्के म्हणजे उणे ७५, तिथे व्हिडिओ कॉल अडखळणार. वाड्यात राउटर माजघरात आणून ठेवणं हे कुठल्याही कार्डापेक्षा जास्त काम करतं, आणि त्याला फायबरची पॅचकॉर्ड, म्हणजे राउटरला जोडायची वायर, तेवढी लांब लागते.

एक_स्लॉट_रिकामा
कार्ड घ्यायचंच ठरलं तर चुका कुठे होतात ते सांगते.

इंटेलचं एएक्स२१० आणि एएक्स२११ दिसायला सारखे. २१० पूर्ण कार्ड आहे, इंटेल, एएमडी दोन्हींवर चालतं. २११ चं अर्धं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसर-चिपसेटमध्येच होतं, ते एएमडीच्या बोर्डात किंवा पीसीआय एक्सप्रेसच्या अडॅप्टरवर लावलं तर ओळखलंच जात नाही. २०० आणि २०१ ची तीच गत. इंटेलचंच वाय-फाय ७ चं बीई२०० एएमडीच्या डेस्कटॉपवर साधारणपणे चालत नाही, तिथे मीडियाटेकचं घ्यावं.

बसवताना पॉवर कॉर्ड काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा. कार्ड बोर्डवरच्या एक्स१, म्हणजे छोट्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं. तो ग्राफिक्स कार्डाखाली झाकला गेला असेल तर रिकाम्या एक्स१६ मध्येही चालतं. ब्लूटूथ मात्र त्या स्लॉटमधून येत नाही. त्यासाठी सोबतची बारीक केबल बोर्डवरच्या ९ पिनच्या यूएसबी २ हेडरला लावावी लागते, आणि नेमकी तीच खोक्यात राहून जाते. एम.२ कार्ड (नुसती छोटी पट्टी) उघडं घेतलंत तर अँटेनाच्या दोन बारीक तारांची टोकं कार्डावरच्या गोल जोडांच्या बरोबर वर धरून सरळ खाली दाबायची, टक् असं जाणवतं. तिरपं दाबलं की कडं चेपतं आणि सिग्नल ३०-४० टक्क्यांवर रेंगाळतो.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर नेटसाठी ड्रायव्हर आणि ड्रायव्हरसाठी नेट. जुनं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिसेबल करा. नव्याच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये प्रेफर्ड बँड ५ करा, पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा.

आणि यूएसबी डोंगल? लावायचाच तर एक्स्टेन्शनवर, कॅबिनेटपासून लांब. यूएसबी ३ चा पोर्ट चालू असताना २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतो.

वायरप्रेमी
ताई, माहिती चोख आहे, पण त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. इतकं करूनही राउटर सिंगल बँड निघाला तर? फायबरसोबत मिळालेले कितीतरी डबे अजून फक्त २.४ चे आहेत. त्यांच्यापुढे एएक्स२१० ठेवलं तरी ३०० निघणार नाहीत. (काहींचे लॅन पोर्टही १०० चेच असतात, तिथे माझी वायरही ९५ वर थांबते, हे कबूल.) एएक्स२१० ला जमणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ या तिसऱ्या पट्ट्याचं स्वप्नही जपून बघा. भारतात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ खुलं करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला आणि जानेवारी २०२६ मध्ये ते खुलंही झालं, पण त्या बँडचा राउटर घरात नसेल तर कार्डाचा तो रेडिओ नुसता झोपून राहणार. शिवाय विंडोज १० वर एएक्स२१० चा ६ गिगाहर्ट्झ चालत नाही, ११ लागतं.

आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदाई चालू असताना डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागला, तर तो दोष कार्डाचा नसतो. बहुधा फायबर तुटलेलं असतं.

सातपूरकर
राउटर सिंगल बँड असेल तर राउटर बदला. कार्डाला दोष कशाला? ड्युअल बँड राउटर आला की घरातल्या सगळ्या फोनना फायदा होतो, आणि मग २.४ वर लटकलेला एकटा तुमचा डेस्कटॉप उरतो.

इंदिरानगर_४
दोघंही न मोजता भांडताय. घरात अँड्रॉइड फोन आहे ना? तोच तासाभरासाठी वाय-फाय कार्ड करा. फोन वाय-फायला जोडा, वाय-फायच्या तपशिलात ५ गिगाहर्ट्झ दिसतंय याची खात्री करा, मोबाइल डेटा बंद करा, फोन यूएसबी केबलने संगणकाला लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, जुनं कार्ड डिसेबल करा. बहुतेक फोनवर संगणकाला आता फोनमार्फत घरचंच वाय-फाय मिळतं. वेग मोजा. फोनचा पोर्ट यूएसबी २ चा असेल तर २५०-३०० च्या वर आकडा जाणार नाही, तेवढं सोडून द्या.

फोनवर २०० आणि कार्डावर ४०, तर कार्ड बदला, दोन-अडीच हजार सत्कारणी. फोनवरही ४०, तर कार्डाला हात लावू नका, दोष राउटरचा किंवा जागेचा. मोजणी दोनदा करा: एकदा फोन टेबलावर, एकदा कॅबिनेटच्या मागे, भिंत आणि पत्रा यांच्या फटीत. कार्डाच्या अँटेना तिथेच असतात.

वायरप्रेमी
ही चाचणी मान्य. पण टेबलावर २०० आणि फटीत ९० आले, आणि जुनं कार्ड ५ गिगाहर्ट्झ ऐकणारं असेल, तर पुन्हा कार्ड नको. मीटरभर वायरचा चुंबकी बूड असलेला अँटेना घ्या आणि टेबलावर ठेवा. दुकानात आरपी-एसएमए (अँटेनाच्या जोडाचा प्रकार) असं स्पष्ट सांगा. कार्डावरच्या पितळी टोकात मधोमध पिन असते, अँटेनाकडे भोक हवं. दोन्हीकडे पिन दिसली तर दुकानदाराने साधा एसएमए दिलाय. आटे बसतील, पण पिनवर पिन आदळेल.