मदत हवी आहे: एआयच्या चित्राची हमी लिहून देऊ का?
दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ केलंय. वाडा आणि आकाशकंदील एआयने काढला; कंदिलाच्या झिरमिळ्या (त्याने चक्क वर उडवल्या होत्या!), रंग आणि अक्षरं माझी. संपादकांना हे माहीत आहे. तरी करारात त्यांना हवंय: ‘संपूर्ण चित्राचा कॉपीराइट माझा, कुणी दावा केला तर भरपाई मी देईन.’ मानधन ५,००० रुपये.

अ‍ॅपच्या अटी वाचल्या, व्यावसायिक वापर चालतो. प्रॉम्प्टमध्ये (एआयला लिहून दिलेल्या सूचनेत) कुठल्याही चित्रकाराचं नाव नव्हतं, कच्च्या फायली जपून ठेवल्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २(डी) नुसार संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. पण नुसत्या प्रॉम्प्टने मी ती ठरते का? आणि भरपाईची अट फक्त माझ्या हातच्या कामापुरती ठेवायची, तर करारात नेमकं काय लिहू? सही शुक्रवारी आहे.